पावती

ये, आत ये. ओटा ओला आहे, चप्पल राहू दे पायात.
किती दिवस हवाय?
तारा अजून आंब्यांखाली दबल्यात म्हणतात,
म्हणजे महावितरणचे पाच दिवस.
सात धरू आपण.

हा लाल ने. पुढचं एक चाक बर्फाच्या गाडीचं आहे,
कुरकुरतं. बाकी तक्रार नाही.
आधी ऑइल. काठी ओढ, पूस, घाल, परत ओढ.
काळ्या चहाचा रंग असेल तर चालेल,
डांबर झालं असेल तर चालवू नको, मला फोन कर.
फोन लागला तर.

फ्रिजात काय आहे? सुरमई?
अच्छा, आईचं इन्सुलिन.
मग नीट ऐक, झिला.

पडवीत ठेवायचा नाही.
पडवी म्हणजे घरच, तिला एक भिंत कमी आहे इतकंच.
माडांच्या पलीकडे ने, वीस पावलं,
तुझी नव्हे, तुझ्या बापाची.
खाली चिरा दे, वर पत्रा, चारी बाजू उघड्या.
तांडेलाचा पोरगा तू, वारा मी काय शिकवू?
दिवसा खारा, रात्री मतलई.
सांजेला वारा फिरला की धुराचं तोंडही फिरव.
पण आधी बंद कर.

जो धूर डोळ्यांत जातो तो बरा,
खोकवतो, शिव्या घालायला लावतो.
त्याच्यात एक मुका असतो.
वास नाही, रंग नाही.
डोकं जड होतं, मळमळतं,
माणूस म्हणतो जरा पडतो.
पडायचं नाही.
बाहेर यायचं, आईला ओढत का होईना.

पेट्रोल गरम इंजिनावर ओतू नको.
बंद कर, चहा टाक, पी, कप विसळ,
मग भर.
विडी त्याच्याही नंतर.

आणि ही वायर. फ्रिज थेट हिच्यावर.
कुणीतरी तुला दोन्हीकडे पिना असलेली दुसरी देईल,
भिंतीच्या प्लगात खुपस म्हणेल, अख्खं घर उजळतं.
उजळतं, खोटं नाही.
पण वीज घरात थांबत नाही रे.
मीटरमधून उलटी निघते, ट्रान्सफॉर्मरमधून मोठी होते,
पोलावर चढते.
आणि पोलावर
लाइन मेली म्हणून खात्रीने चढलेला
कुणीतरी असतो.

मागच्या वादळात नारू कुबल होता.
जनरेटर माझा होता.
वायर घरवाल्याची, हे मी पोलिसांना सांगितलं,
खरंच होतं ते,
पण त्याला देताना मी एवढं बोललो नव्हतो.
जेवायची वेळ झाली होती.
त्या दिवसाची पावती अजून बुकात आहे.
फाडली नाही.

परत आणशील तेव्हा टाकी रिकामी कर.
जुनं पेट्रोल कार्बोरेटरात गोंद होऊन बसतं.
अंगावरचं मीठ गोड्या पाण्याच्या फडक्याने पूस,
पाणी मारायचं नाही.
वीज आली म्हणून विसरशील,
सगळेच विसरतात.

सही इथे कर.
अक्षर वाकडं वाटतंय?
लागेल सवय.
नारू, ह्याची सात दिवसांची कर,
पैसे पाचचेच.
सावकाश लिहू दे त्याला,
डाव्या हाताने शिकलाय,
दोन वर्षंच झाली.