जोड क्रमांक एकेचाळीस

शाळेच्या खिडकीतून तेव्हा फ्योर्डमध्ये
चार खांब वाढताना दिसायचे.
रात्रंदिवस काँक्रीट ओततात, थांबलं तर सांधा राहतो,
असं ओडलाउग मावशी सांगायची. ती तिथल्या भटारखान्यात
तिन्ही पाळ्यांना वाटाण्याचं सूप वाढायची.
आम्ही दर सोमवारी काचेवर पट्टी लावून मोजायचो:
या आठवड्यात बोटभर.

त्याआधीचं सगळं ऐकीव.
एक जहाज हवेचे बार काढत समुद्रावर हिंडलं,
तळाखालच्या दगडांनी काय ओ दिली ते कागदावर उतरवलं.
तीन विहिरी कोरड्या गेल्या. चौथीला वास आला.
मग स्टावांगरच्या कचेरीत कुणीतरी
त्या रिकाम्या पाण्याला पक्ष्याचं नाव दिलं, तेइस्त.
काळा, तांबड्या पायांचा, आमच्याच खडकांत अंडी घालणारा.
पक्ष्याला कुणी विचारलं नाही.

खांब ओढून नेले त्या दिवशी शाळेला सुट्टी.
सहा टग, आणि वेग म्हाताऱ्याच्या चालण्याएवढा.
पाद्रीसुद्धा दुर्बीण घेऊन डोंगरावर.
बाबा नव्हते.
बाबा आधीच खाली गेले होते.

खाली म्हणजे
जहाजावर एक लोखंडी पिंप, त्यात सहा माणसं,
अंगात समुद्रतळाएवढा दाब भरलेली.
रोज घंटेत बसून एकशे तीस मीटर उतरायचं,
नळाला नळ जोडायचा, वर येऊन पुन्हा पिंपात झोपायचं.
श्वासाला हेलियम. म्हणून फोनवर आवाज बदकाचा.
"गृहपाठ केलास का, इंगुन?" बदक विचारायचं.
मी हसून लोळायचे.
आई रिसीव्हर कानापासून जरा लांब धरायची,
पोळल्यासारखा.

आजी गेली तेव्हा जहाज हाऊगेसुंदच्या धक्क्यालाच होतं.
चर्चपासून दहा मिनिटं.
पिंपाचं दार पंजाएवढं जाड,
आणि त्यातून बाहेर यायला पाच दिवस.
घाई केली तर रक्त सोड्यासारखं फसफसतं.
आईने चर्चच्या कचेरीतला फोन
वायर ताणून ताणून दारापर्यंत आणला.
घंटा वाजली. तिकडून काहीतरी आलं,
रडणं असावं.
त्या वायूत रडणंसुद्धा हसल्यासारखं ऐकू येतं.
मी नऊ वर्षांची. मला हसू फुटलं, ते गिळलं,
ते अजून खाली उतरलेलं नाही.

त्या तेलावर गावाला बोगदा मिळाला, पोहण्याचा तलाव,
मला डॉक्टरकी. नावं ठेवत नाही मी.

बत्तीस वर्षं तेइस्त वाहत राहिलं.
शेवटी शेवटी दहा पिंपं उपसावीत तर नऊ पाण्याची.
मग विहिरींच्या नरड्यात सिमेंट.
खांब तिथेच, एवढं जड परत कोण आणणार,
माथ्यावर एक दिवा ठेवून दिला.
वरचा डोलारा मात्र कापून
त्याच फ्योर्डमध्ये मोडीत आणला.

मागच्या गुरुवारी बाबांना घेऊन गेले.
हात कापतात, कालचं आठवत नाही,
नळाचे जोड मात्र ओळीने सांगतात,
कुठला कुणी केला, त्या दिवशी पाणी किती गढूळ.
कुंपणाबाहेर गाडी लावली.
समोर जिन्यांसकट, जेवणघरासकट पाच मजली गंज,
आणि त्याला लागलेली राक्षसी कात्री.
"हे कुठलं?" बाबांनी विचारलं.
तुमचंच, म्हटलं.
"छे," ते म्हणाले, अगदी ठाम,
"मी वरचं कधी पाहिलंच नाही."

खरंच की.
त्यांनी पाहिलं ते दिव्याच्या उजेडाएवढं,
एक नळ, दुसरा नळ, मध्ये बोटभर फट,
कधी मध्येच नाक खुपसणारा एखादा कॉड.

नळ आतून धुऊन तळाशीच सोडलाय,
असं कंपनीचं पत्र आलं होतं. ते सांगितलं.
"एकेचाळीस?"
तोही.
"तो जरा तिरपा बसला होता," बाबा म्हणाले,
"मी कुणाला बोललो नव्हतो,"
आणि काच खाली करून
नाकाने खोल वास घेतला.