उजवं मनगट, दोन बाजूंनी

जिंतूरच्या सरकारी दवाखान्यात
फोटो मी काढतो.
छाती, मणका, म्हशीनं लाथ घातलेली बरगडी,
मोटारसायकलवरून पडून निखळलेला खांदा.
अठरा वर्षं झाली.
हाड जे सांगतं तेवढंच मी बघतो,
असं मी लोकांना सांगत आलोय.

बुधवारी मुंजाजी ढगे आला.
बी.ए. दुसरं वर्ष, कॉलेजच्या व्हॉलीबॉलचा सेटर.
मनगटात होडीसारखं एक हाड असतं,
खारकेच्या बीएवढं.
त्याला मधोमध चीर होती.
केसाएवढी म्हणावी, तर केसही तान्ह्या बाळाच्या जावळातला.

डॉक्टर म्हणाले, प्लास्टर, सहा आठवडे.
हा म्हणाला, शनिवारी फायनल आहे, गंगाखेडबरोबर.
डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे.
मग माझ्याकडं वळून हळूच,
"सर, फोटो कधी चुकतो का?"

दुसरा सेटर पोलीस भरतीला नांदेडला गेलेला.
उरलं होतं फर्स्ट इयरचं एक पोर, अरबाज,
ज्याला अजून बुटाची नाडी नीट बांधता येत नव्हती.
मुंजाजी म्हणाला, कुणाला सांगू नका.
मी नाही सांगितलं.
एवढं एकच मी नीट केलं.

शनिवारी टँकरनं मैदान भिजवलेलं,
चुन्याच्या रेघा ताज्या, भिंतीवर पोरं,
ट्रॉलीत उभे राहिलेले पेन्शनर.
मीही होतो, लिंबाखाली, शेंगा खात.
त्याच्या मनगटाला पांढरी पट्टी.
तिच्या आत काय आहे
हे अख्ख्या मैदानात दोघांनाच ठाऊक.

पहिला सेट आपला.
दुसऱ्यात बॉल जाळीच्या खाली राहायला लागला.
मारणारा उडायचा, हात मोकळा फिरायचा,
बॉल तोवर त्याच्या कोपराशी.
"काय करायलास रे, झोपलास का?"
"मागच्या साली ह्यालाच खांद्यावर घेतलं व्हतं आपण!"
"पैशे खाल्ले असतील गंगाखेडवाल्यांचे."
हे शेवटचं बोलणाऱ्याला मी ओळखतो.
त्याच्या आईच्या खुब्याचा फोटो मीच काढलाय.
मी त्याच्याकडं रागानं बघितलं,
आणि शेंगांची पुडी पुढं केली.

तिसरा सेट. तेरा-चौदा.
बॉल वर आला, मुंजाजी खाली शिरला,
दोन्ही हात वर गेले
आणि उजवा मधेच थांबला,
जिना संपलेला नसताना पाय थांबावा तसा.
बॉल जाळीत.

"मुंजा, बस की खाली! काहून वाटोळं करायलास!"

कोण ओरडलं म्हणून मी बाजूला बघितलं.
बाजूचे माझ्याकडं बघत होते.
तोंडात अजून शेंगदाणा होता.

चीर बघितलेला माणूस मी.
माहीत नसणाऱ्यांना निदान तेवढी सूट आहे.

सोमवारी तो प्लास्टरला आला.
आधी पुन्हा फोटो, दोन बाजूंनी.
मी त्याचा हात धरून प्लेटवर ठेवला,
"हलू नको" म्हणालो.
नाही हलला.
"सर," तो म्हणाला,
"तुमचा आवाज आला मला.
पण तुमचं बरोबर होतं. शेवटचा खालीच गेला."

मी शिशाच्या पडद्यामागं गेलो.
बटण दाबायला जरा वेळ लागला.
चीर आता सुतळीएवढी होती.
पाकिटावर लिहिलं: नाव, वय वीस, उजवं मनगट.

पुढच्या महिन्यात सेलूची टीम आली.
सेटर अरबाज. पहिलाच बॉल जाळीत.
भिंतीवरून कुणीतरी सुरुवात केली.
मी गप्प राहिलो. फार काही नाही केलं, गप्प राहिलो.

मुंजाजी लिंबाखाली बसलेला, हात गळ्यात.
एका हातानं टाळी वाजत नाही म्हणतात.
तो मांडीवर वाजवत होता,
डाव्या हातानं,
अरबाजला ऐकू जाईल एवढ्या जोरात.