दीड व्होल्ट

आमचं घर दुसऱ्या मजल्यावर,
डहाणूकर कॉलनीत, स्वतःचं, हप्ते फिटलेलं.
तिथला मोठा फ्रीज वीस वर्षं काही न मागता चालतोय.
आणि आम्ही दोघं चार रात्री
खाली पार्किंगमध्ये, ट्रॅव्हलरच्या पोटात झोपतोय
एका चाळीस लिटरच्या डब्यापाशी,
तापातल्या पोराशेजारी झोपावं तसं.

पहिल्या रात्री देवराम वॉचमननं काच वाजवली,
"किल्ली हरवली का, काकू?"

दोन चाळीसला तो बंद पडतो.
कॉम्प्रेसर कण्हतो, लाल दिवा एकदाच मिचकावतो,
थांबतो, पुन्हा एकदाच.
श्रीनिवास उठतो, चष्मा चाचपतो,
मीटरची टोकं बॅटरीला लावतो
आणि वहीत लिहितो: दहा पूर्णांक चार.
छत्तीस वर्षं आकुर्डीच्या कारखान्यात
दुसऱ्यांच्या चुका मोजलेला माणूस.
आमची भांडणंही कुठंतरी नोंदलेली असतील, तारखेसकट.

फ्रीजमध्ये दूध, चार लिंबं, कालची आमटी
आणि त्याची इन्सुलिनची पेनं.
आमटीसाठी कुणी एवढं जागत नाही.

बॅटरी नवी, शंभर अँपिअरची, बिल अजून जपलेलं.
टपावर सोलर पॅनेल, त्याच्यावर सोनमोहर,
सकाळी झाडू घेऊन मी शिडीवर,
संध्याकाळी पुन्हा पिवळी चादर.
जिन्याखाली प्लग आहे,
पण त्यावर सबनीसांचा कागद:
'कॉमन मीटरवर कोणीही काहीही लावू नये.'
काहीहीखाली दोन रेघा.
म्हणून रोज इंजिन चालू करून
चांदणी चौक, पाषाण, परत;
कुठंही न उतरता, तोंडानं आकडे म्हणत.
डिझेल जळलं. बॅटरी उपाशीच.

मग नाना पेठेतून यासीन बागवान आला,
चप्पल बाहेर काढून आत चढला.
बॅटरीत किती आहे हे त्यानं विचारलंच नाही.
म्हणाला, "इंजिनपाशी चौदा पूर्णांक दोन निघतायत,
इथं बारा पूर्णांक सात पोचतायत.
दीड व्होल्ट वाटेत खातंय कोण?"

लाल वायर तपासली. ती निर्दोष.
मग काळ्या वायरीच्या मागं मागं
तो सीटखाली सरपटत गेला,
बराच वेळ नुसते पाय दिसत होते.
आतूनच ओरडला,
"अर्थ लागत नाहीये, काकू!"
मला वाटलं, त्यालाही.

चासिसचा बोल्ट, त्याखाली वायरीचं टोक,
आणि दोघांच्या मधे
निळा रंग. गुळगुळीत, दोन हात.
तो निळा मी निवडला होता.
भोसरीच्या शेडमध्ये उभी राहून सांगितलं होतं मी,
दिसत नाही तिथंही लावा,
उघडं लोखंड मला चालणार नाही.

यासीननं कानशीनं रंग खरवडला.
पत्रा चकाकला, जखमेसारखा नाही,
घासलेल्या पातेल्यासारखा.
श्रीनिवासनं वहीत लिहिलं: 'कारण: रंग.'
कुणाचा, ते लिहिलं नाही.
सदतीस वर्षांत पहिल्यांदाच रकाना रिकामा.

त्याचंही निघालंच म्हणा.
फ्रीजच्या मागच्या जाळीवर
त्यानं दोन गोधड्या कोंबल्या होत्या, खडखड नको म्हणून.
बिचारा गरम श्वास टाकणार कुठं?
तासातली पन्नास मिनिटं धापा टाकत होता.
गोधड्या काढल्या, आम्ही पांघरल्या.

आज पाचवी रात्र.
आता तो वीस मिनिटं गुणगुणतो,
मग चाळीस मिनिटं काही नाही.
त्या चाळीस मिनिटांची आम्हाला सवय नाही.
कर्वे रस्त्यावरून एखादा ट्रक,
देवरामची खुर्ची सरकल्याचा आवाज,
टपावर फूल पडतं तेही कळतं.

"बंद पडला का गं?"
"नाही. त्याचं भागलंय."
तरी तो उठतोच, चष्मा चाचपतो.
मी म्हणते, आकडा मोठ्यानं सांग.