एका हाताने

सोहारच्या बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर
टायरवाल्याच्या डोक्यावर आमचा दवाखाना.
तीन खुर्च्या, एक ऑटोक्लेव्ह
आणि सुया टाकायचा पिवळा डबा.
पाऊण भरला की तो बंद करायचा,
पण महिनाअखेर असली
की पाऊणची रेघ कुणालाच दिसत नाही.

तो त्या दिवसाचा तेरावा पेशंट.
मोतालेब, परांच्या बांधणारा, सिल्हेटकडचा.
अक्कलदाढ.
डॉक्टर हिशामनी भूल दिली, सिरिंज ट्रेमध्ये ठेवली,
आणि मी, नऊ वर्षं हेच करणारी,
टोपण डाव्या चिमटीत धरलं
आणि दोरा ओवावा तशी
श्वास रोखून
सुई आत घालायला गेले.

चुकली.
दुखलं म्हणावं इतकंही नाही.
ग्लोव्हच्या आत, तर्जनीवर
एक लाल ठिपका उगवला
आणि तिथेच थांबला, माझ्याकडे बघत.

शिजीनं मनगट धरून मला नळाखाली नेलं.
“पिळू नको. चोखू नको. साबण लाव. पाणी सोड.”
जुलैतलं पाणी, गच्चीवरच्या टाकीत दिवसभर तापलेलं.
बोट कापलं की तोंडात घालायचं
हे लहानपणी कुणी शिकवलं नव्हतं.
न घालणं शिकावं लागलं.

मग फॉर्म.
तारीख, वेळ, खुर्ची, सुईचा प्रकार.
मॅनेजर दारात उभा राहून म्हणाला,
“लिहायलाच हवं का?
नोव्हेंबरात तुमचा व्हिसा आहे ना?”
तो वाईट माणूस नाही.
माझंही मन तोच हिशोब करून आलं होतं,
त्याच्या आधी.

मिरजेला ट्रेनिंगमध्ये असताना
तिसऱ्या डोससाठी आमच्या मेट्रन
होस्टेलच्या दारात उभ्या राहायच्या.
आम्ही त्यांना ‘दाभण’ म्हणायचो.
ते कार्ड अजून माझ्याकडे आहे,
लग्नाच्या दाखल्याच्या पाकिटात.
त्या रात्री काढून तीनही तारखा वाचल्या,
पुन्हा वाचल्या.
काविळीपुरता तरी दंड सुरक्षित.
बाकीच्यांना लस नाही.

पण त्याआधी मोतालेबचं रक्त हवं होतं.
तोंडात कापसाचा बोळा, अर्धा ओठ बधिर,
तो विचारत होता, हे कंपनीला कळेल का?
मी म्हणाले, नाही,
आणि डॉक्टरांकडे पाहिलं,
मी खरं बोलले ना, म्हणून.
डॉक्टर म्हणाले, नाही कळणार.
मग त्यांनी ते फॉर्मवर लिहिलं, सही केली,
तेव्हा कुठे त्यानं बाही वर केली.
दंडावर सिमेंटचा डाग होता. स्पिरिटनं निघाला नाही.

खोलीत आम्ही चौघी.
बाथरूममध्ये खिळ्याला लटकवलेलं एकच नेलकटर.
मी तीनशे बैसांचं वेगळं आणलं.
दिलमायानं विचारलं, का गं?
म्हटलं, ते बोथट झालंय.
घरी फोनवर पट्टी दिसली.
म्हटलं, कांदा चिरताना.
दोन खोट्या गोष्टी, एका टोचणीच्या.

त्याचं रक्त स्वच्छ निघालं.
माझं सहाव्या आठवड्यात स्वच्छ, तिसऱ्या महिन्यातही.
शिजी म्हणते, सहाव्या महिन्याची एक राहू दे,
रक्त कधीकधी उशिरा बोलतं.
मोतालेब टाके काढायला आला तेव्हा
खुर्चीत बसायच्या आधी त्यानं विचारलं,
“सिस्टर, तुमचा रिपोर्ट?”
आजवर मला कुठल्या पेशंटनं
माझं काही विचारलं नव्हतं.

काल नवी मुलगी आली, जोव्हलिन.
तिला दाखवलं:
टोपण ट्रेमध्ये आडवं ठेवायचं.
डावा हात पाठीमागे, हो, कमरेवर.
सुई सरपटत टोपणात जाऊ दे,
मग ट्रेच्या काठावर दाबायचं.

एका हातानं टाळी वाजत नाही, म्हणतात आमच्याकडे.
नको वाजू दे.
मला एवढा एकच आवाज ऐकायचा असतो,
टक्.

तिचा डावा हात सारखा पुढे येत होता, मदतीला.
मी तो धरून ठेवला.