सोडणे

नोकरी सोडली तेव्हा प्रेस्टनच्या विमा कंपनीत केक कापला.
कार्डावर सत्तावीस सह्या,
त्यांतल्या चार मला वाचता आल्या.
मोरकमला परतताना ट्रेनमध्ये उरलेला केक मांडीवर
आणि डोक्यात एकच खिडकी:
तीनशे वीस बाय दोनशे, मधोमध एक काटा.

पियानो लावणाऱ्यांसाठी प्रोग्रॅम.
फोनवरचा नाही.
ही माणसं साठीची, चष्मा कपाळावर,
लॅपटॉप झाकणावर उघडा टाकून
निम्मी पियानोच्या पोटात वाकलेली असतात.
काटा लांबून दिसला पाहिजे.

मिरजेची म्हटलं की आपली माणसं विचारतात,
सतारवाले का तुम्ही?
नाही. आमची पिठाची गिरणी होती.

चौदा महिने.
समुद्र मैलभर मागे जाई, पुन्हा भिंतीला येऊन टेके,
आणि मी ‘पूर्ववत करा’ हे एक बटण
पूर्ववत करत बसलेली.
आयकॉन सोळा ठिपके रुंद, सोळा उंच.
एवढ्या जागेत पियानो मावत नाही,
कुणीतरी दात विचकल्यासारखं दिसतं.
तसंच ठेवलं.

मंगळवारी सोडायचं ठरलं.
बरा शब्द आहे आपला.
बाण सोडतात, उपास सोडतात,
नाव पाण्यात सोडतात,
स्टेशनवर सोडायला येतात आणि गाडी हलेपर्यंत
डबा नीट आहे ना विचारत राहतात.
अकरा वाजून दहा मिनिटांनी मी सोडलं
आणि कपडे वाळत घातले.

डाउनलोड नऊ. विकत घेणारं कुणी नाही.
निळ्या पाटीवर विंडोज प्रत्येकाला बजावत होतं:
प्रकाशक अनोळखी. तरीही चालवायचं?
अकरा वर्षांत या गल्लीत माझ्याबद्दल
इतकं स्पष्ट कुणी विचारलं नव्हतं.
ओळख विकत मिळते, वर्षाच्या बोलीवर.
मी घेतली नव्हती.

शुक्रवारी एक प्रत गेली. एकोणचाळीस पौंड.
ऑस्वल्ड बर्टविसल, हीशम.
शनिवारी त्यांचाच फोन:
बाई, तुमचा प्रोग्रॅम खोटं बोलतो.
खालचा जी मी लावलाय, कानाला चोख आहे,
काटा म्हणतो चढा.

सोमवारी बसने गेले.
चॅपेलचा हॉल, एकात एक रचलेल्या खुर्च्या,
पियानोवर चहाच्या कपांची गोल वळं.
त्यांनी पट्टी दाबली. काटा चढा.
हात उचलला. तार थांबली.
काटा तिथंच.
मी म्हटलं, आता तर काहीच वाजत नाहीये.
ते म्हणाले, वाजतंय की.

आत, स्वयंपाकघरात, फ्रिज.
सेकंदाला पन्नास कंपनं,
खालच्या जीच्या एकोणपन्नासांना अगदी खेटून.
गिरणीच्या मोटरवर झोपलेल्या पोरीला
तो आवाज म्हणजेच शांतता.
चौदा महिने मी सूर तपासले,
रिकामी खोली कधी तपासली नाही.

बर्टविसलांनी वायर उपटली.
फ्रिज एकदा थरथरला, गप्प झाला,
आणि थांबल्यावर मला ऐकू आला.
मग त्यांनी पट्टी दाबली.
काटा मधोमध.
एक शब्दही न बोलता त्यांनी मला
खिशातलं पेपरमिंट दिलं.

तीन रात्रींत एक-शून्य-एक:
आधी खोली ऐका, मग तार.
तीही सोडली.

पुढच्या रविवारी निरोप आला.
प्रोग्रॅम आता उत्तम. पण त्या दिवशी
फ्रिज परत लावायचा राहून गेला,
अख्ख्या चॅपेलच्या चहाचं दूध नासलं,
आणि मिसेस क्लेग बोलत नाहीत.

मदतीच्या पानावर, सगळ्यात खाली,
मी एक ओळ वाढवली:
काम झाल्यावर फ्रिज पुन्हा चालू करावा.