उभा पाय

काल रात्री तालमीत मीटिंग होती.
मला कुणी बोलावलं नव्हतं. अध्यक्षांचा बूट
शिवून झाला होता, तो द्यायला गेलो
आणि दाराला टेकून राहिलो.

उमरचा गुडघा गेला, हे आता लपवण्यासारखं नाही.
अकरा हंगाम मधल्या फळीत उभा होता शिकलगारांचा उमर.
उद्यमनगरात दिवसभर लेथ, साडेपाचला मैदान,
नखांत वंगण तसंच.
चेंडू त्याच्या पायात आला की
शाहू स्टेडियमचा अर्धा कठडा गप व्हायचा:
आता हा बघणार.
मारणार नव्हे. बघणार.

त्याच्या जागी कोण?

खजिनदार म्हणाले, गोव्याचा एक आहे, सहा महिन्यांचा करार.
रंगराव म्हणाले, आफ्रिकेचाच आणू,
गेल्या साली पलीकडच्या पेठेनं आणला, चषक नेला.
यंदा तो कुठं आहे, हे कुणी विचारलं नाही.
एकानं मोबाईलवर कुणाचे तरी गोल दाखवले,
एकानं कुणाच्या तरी पुतण्याचं नाव
बशीखालून सरकवावं तसं सरकवलं.
चहा आला. चहा संपला.

मी काय सांगणार, मी बुटं शिवतो.
पण चाळीस वर्षं तळ बघतोय,
आणि तोंड फसवतं माणसाचं, तळ फसवत नाही.
गोल मारणाऱ्याचा बूट अंगठ्याशी उसवतो.
नुसता पळणारा टाच खातो.
भांडकुदळाच्या बुटाला बाजूनं ओरखडे,
दुसऱ्यांच्या खिळ्यांचे.
उमरचा उजवा कायम नव्यासारखा.
झिजायचा डावा, उभा पाय,
चवड्याखाली रुपयाएवढं गोल भोक;
कारण चेंडू यायच्या आधीच
तो त्या पायावर फिरून घ्यायचा,
मागं कोण, डावीकडं कोण मोकळं,
कोण नुसताच हात वर करतंय.

मागल्या महिन्यात एक पोरगं आलं फुलेवाडीतनं.
चौदाचं असेल. थोरल्या भावाची बुटं,
दोन नंबर मोठी, पुढं पेपर कोंबलेला.
हर्षल मोरबाळे म्हणाला.
मी बुटं उलटी केली.
डाव्या चवड्याखाली
सुपारीएवढं.

‘कुठं खेळतोस रे?’
‘मागं. बॅकला. तिथनं सगळं दिसतंय काका,
पण वरडलो तरी कोण ऐकत न्हाई.’

हेच सांगितलं मी दारातनं.
आणि म्हणालो, आणायचा तर याला आणा,
पण आधी दोन हंगाम हरायची तयारी करा.
पोरगं चुकणार. चेंडू घालवणार, तेही ऐन डर्बीत.
तेव्हा कठड्यावरनं त्याच्या आईला शिव्या घालणार नाही
एवढं लिहून द्या पेठेकडनं.
उमरला बाकावर बसवा, त्याच्या कानाशी.
चषक विकत मिळतो, मी नाही म्हणत नाही.
बघणारा वाढवावा लागतो,
आणि वाढवताना तो बरीच वर्षं
काहीच करत नाही असं दिसतं.

हसले सगळे. रंगराव म्हणाले,
‘बुटावरनं टीम काढायची व्हय आता?
मग पुढल्या साली हात बघून गोलकीपर!’
अध्यक्षांनी बूट घालून बघितला, पैसे दिले.

उमर खिडकीशी होता, पाय खुर्चीवर लांब.
तो हसला नव्हता.
‘डावा?’ त्यानं विचारलं.
‘डावा,’ मी म्हणालो.

ठराव झाला गोव्याचाच.

आज सकाळी उमर टपरीवर आला, लंगडत,
कामावर जाता जाता.
मोरबाळ्याची बुटं अजून खुंटीला आहेत,
पोरगं आलंच नाही, पैसे जमले नसतील.
त्यानं डावा काढला, उलटा केला,
माझ्या ठिगळावरनं अंगठा फिरवला, काळा, तेलकट.
बराच वेळ.

‘जाड लावलंयस,’ म्हणाला.
‘फिरताना अडकंल.’

मी सुई घेतली
आणि उसवायला बसलो.