मुलं किती?

द्राख्टनच्या बाहेर, कालव्याला लागून माझं आवार.
एकतीस वर्षं घरं विकतो मी, चाकांवरची,
जुनी, धुतलेली, जराशी कुबट.
गिऱ्हाईक आलं की माझा पहिला प्रश्न
किमतीचा नसतो, रंगाचा तर नाहीच.
मुलं किती?
आणि झोपेत लोळतं कोण?

त्या शनिवारी निन्के म्हणाली, दोन.
त्याच क्षणी हिल्के म्हणाला, तीन.
मग दोघंही वाऱ्याकडे बघत राहिली.
आमच्याकडे बघायला वारा कायम असतो.

दोन मुली तोवर आत शिरून
फळ्या वाटून घेऊन भांडूनही झाल्या होत्या,
इम्क्ये वर, फार्दाउ खाली.
तिसरा बाहेर, मोटारीला टेकून. योरित.
चौदा वर्षांचा, मनगटं बाहीतून निसटलेली,
आठवड्याआड बापाकडे येणारा.
"मी कुठे येणारे," म्हणाला,
कुणी विचारलं नसताना.

मी माझं काम केलं. सांगितलं,
वरच्या फळीला कठडा हवा, चांगला वीतभर.
गादी मुठीने दाबा, लाकूड लागलं तर ती गादी नव्हे.
उशीपाशी खिडकी बघा,
नाहीतर पहाटे भिंतीला घाम फुटतो.
फळी पावणेदोन मीटर,
म्हणजे मोठीचे तीन उन्हाळे, धाकटीचे सहा.
पुढे तुम्ही इथेच याल, हीच विकायला.
हे शेवटचं मी सहसा बोलत नाही.
त्या दिवशी बोललो.

तीन फळ्यांची एक होती, कोपऱ्यात.
वजन सोळाशे किलो,
आणि त्यांची मोटार तेराशेलाच मान टाकणारी.
हिल्केने पाकिटामागे आकडे मांडले,
खोडले, पुन्हा मांडले.
आकडे बापाचं ऐकत नाहीत.

निन्के बूट काढून वर चढली,
इम्क्येला सरकवून आडवी झाली.
छत नाकापासून हातभर.
बराच वेळ तिचे मोजेच दिसत होते,
एकाला अंगठ्यापाशी भोक.
मग वरून आवाज आला,
"न्हाणीघर नसलं तर किती हलकी होईल?"

तशी एक होती माझ्याकडे. पांढरी, बारा वर्षांची.
मागे दोन फळ्या, पुढे जेवायचं टेबल.
टेबल खाली बसवून वर गाद्या जुळवल्या
की पलंग, दोन मीटरला पाच सेंटिमीटर कमी.
पण ते टेबल अडतं. त्याला एक खुबी आहे.
ती दाखवायला मी वाकणार,
तर मागून कुणीतरी म्हणालं,
"पाय आधी वळवायचा असतो."
आणि वळवला.

टेबल बसलं.
तो बुटांसकट पसरला, डोळे मिटून,
जणू काही मोजतच नाहीये.
फार्दाउ ओरडली, "बूट!"
जशी ती घरी ओरडत असणार.
त्याने काढले.

हिल्के म्हणाला, पण मग आंघोळ?
निन्के म्हणाली, तळी कशाला आहेत!

मी तीनशे कमी केले.
पुढे लावायचा तंबू फुकट दिला,
त्याच्यावर डाग आहे तोही फुकट.
कॉफी झाली, सह्या झाल्या,
कोण किती बिस्किटं खातं ते कळलं.

निघाले तेव्हा डावा मागचा दिवा विझलेला.
तो रुसतो मधूनमधून, सांगायचं राहिलंच होतं.
मी दोन्ही हात हलवत फाटकापर्यंत धावलो.
आतून सगळ्यांनी मला हात हलवून निरोप दिला,
मुलींनी तर दोन्ही हातांनी.
"दिवा!" मी ओरडलो. "डावा!"

मोटार थांबली. योरित उतरला,
दिव्यावर एक थाप मारली.
लागला.

मग तो मागच्या दाराशी घुटमळला.
इम्क्ये आत सरकली, फार्दाउ बाहेर उतरली,
आणि तो मध्ये बसला, गुडघे हनुवटीशी,
जिथे सगळ्यात कमी जागा असते.